नकार परवडायला हवा

कलकत्त्याच्या उत्तर भागातली सोनागाछी ही देशातल्या सर्वांत मोठ्या वेश्यावस्त्यांपैकी एक. १९९२ साली तिथे आरोग्याची एक पाहणी झाली. ती ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेने केली आणि तिची धुरा डॉ. स्मरजित जाना या साथरोगतज्ज्ञाकडे होती. पाहणीत दोन आकडे शेजारी शेजारी आले. वस्तीतल्या शंभर बायकांपैकी एचआयव्हीची लागण साधारण एकीला झाली होती, आणि धंद्यात नेहमी निरोध वापरणाऱ्या शंभरात जेमतेम तीन होत्या. पहिला आकडा दिलासा देणारा होता, पण दुसरा सांगत होता की तो दिलासा फार दिवस टिकणार नाही. भारतात एचआयव्हीचा शोध लागला तो १९८६ साली मद्रासमध्ये. तो लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यानंतरच्या दहाएक वर्षांतच मुंबईच्या वेश्यावस्त्यांमध्ये निम्म्याहून अधिक बायका बाधित असल्याचं तपासण्यांमधून दिसू लागलं. सोनागाछीही त्याच वाटेने जाईल असं मानायला सगळी कारणं हजर होती. ती त्या टोकाला गेली नाही. का गेली नाही, याचं उत्तर औषधात किंवा जाहिरातीत सापडत नाही. रोगापासून बचाव करायचा तर माणसाला 'नाही' म्हणणं परवडावं लागतं, हे जानांना कळलं होतं. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पुराव्याने तपासून पाहायचं आहे.

लैंगिक आरोग्याच्या कामामागे एक जुनी आणि आदरणीय श्रद्धा आहे: लोकांना कळलं की ते वळतील. महाराष्ट्राला ती चांगली परिचयाची आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ इतकी वर्षं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि ज्या विषयांवर घरात कुजबुजही होत नसे त्यांवर छापून लिहिलं. अज्ञान हा रोगाचा मोठा मित्र आहे हे त्यांचं म्हणणं आजही खरं आहे. पण माहिती पोहोचल्यावर पुढे काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे. सोनागाछीतल्या बाईला निरोधाने रोग टळतो हे सांगायला एक दुपार पुरते. ते तिला संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर अमलात आणायचं असतं. तिथे तिच्या एका बाजूला गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूला घरवाली, डोक्यावर सावकाराचं कर्ज आणि दारात पोलिस. वस्तीत 'अधिया' नावाची पद्धत आहे, आपल्याकडच्या अर्धेलीच्या शेतीसारखी: कमाईचा निम्मा वाटा खोलीच्या मालकिणीचा. विकत आणलेल्या 'छुकरी'ला तर तेवढाही वाटा नाही. अशा बाईने गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय चालणार नाही असं सांगितलं, तर ते पुढच्या खोलीत जातं. बुडालेल्या कमाईत घरवालीचाही वाटा असतो, म्हणून तिचा राग ओढवतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

ही नुसती कल्पना नाही, या नकाराची किंमत मोजली गेली आहे. विजयेंद्र राव, इंद्राणी गुप्ता आणि मायकेल लोकशिन या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतः जानांसोबत सोनागाछीतल्या सहाशेहून अधिक बायकांची माहिती तपासली. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. निरोधाचा आग्रह धरणाऱ्या बाईच्या दर वेळच्या मोबदल्यात सरासरी ६६ ते ७९ टक्के घट होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. पगाराचा दोन तृतीयांश किंवा त्याहून मोठा भाग सोडला तरच तब्येत राखता येईल, अशी अट कोणत्याही कामगारासमोर ठेवली, तर त्याने तब्येतीवर पाणी सोडलं म्हणून त्याला आपण अडाणी म्हणणार नाही. त्यात एचआयव्हीचं स्वरूप असं की आजचा तोटा आजच दिसतो आणि रोग काही वर्षांनी. शिवाय एका संबंधातला धोका लहान असतो. योनीसंबंधात बाधित पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याची शक्यता दर वेळी सरासरी दहा हजारात आठ एवढीच मानली जाते. केवळ समजण्यासाठी हिशेब करू. वर्षाला नऊशे गिऱ्हाइकं आणि त्यांतली दहा टक्के बाधित धरली, तर नव्वद वेळा धोका पत्करावा लागतो आणि वर्षाअखेरीस लागण होण्याची शक्यता सात टक्क्यांच्या घरात जाते. गुप्तरोगाचे व्रण असतील तर ती आणखी वाढते. एका संध्याकाळी नगण्य वाटणारा धोका पाच-दहा वर्षांत अख्ख्या वस्तीला गिळतो, पण ज्या संध्याकाळी निर्णय घ्यायचा असतो तेव्हा पारड्यात फक्त त्या दिवसाची कमाई असते.

इथे जानांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. त्यांना कामगारांच्या आरोग्याच्या अभ्यासाची पार्श्वभूमी होती. त्या शास्त्रात खाणीतल्या माणसाला फुप्फुसाचा विकार जडला की त्याच्या चारित्र्याची चौकशी करत नाहीत, खाणीतली हवा तपासतात. धूळ कशी कमी होईल, कामाचे तास किती, मालकाची जबाबदारी काय, हे प्रश्न तिथे आधी येतात, आणि कामगाराने तोंडाला फडकं बांधावं हा उपदेश सर्वांत शेवटी. जानांनी एचआयव्हीला असाच कामातून येणारा धोका मानलं. एवढ्याने तीन गोष्टी बदलल्या. बाई ही रोगाचं उगमस्थान राहिली नाही, तिचं आरोग्य हेच उद्दिष्ट झालं. धंदा सोडणं ही मदतीची पूर्वअट राहिली नाही. आणि बंदोबस्त एकेका बाईच्या मनाचा न करता कामाच्या ठिकाणचा करायचा असं ठरलं. आदर, भरवसा आणि मान्यता ही त्यांच्या कामाची तीन सूत्रं होती. वाचायला ती सौम्य वाटतात, पण सरकारी आरोग्ययंत्रणेने तोवर या बायकांना त्यांतलं एकही दिलेलं नव्हतं.

भरवसा म्हणजे काय, ते कामाच्या रचनेतच दिसत होतं. वस्तीतल्या, तोच धंदा करणाऱ्या बायकांना निवडून, शिकवून, मानधन देऊन आरोग्याच्या कामाला लावलं गेलं. आज देशभरच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमांत त्यांना 'पीअर' म्हणतात. हिरवा कोट आणि ओळखपत्र घालून त्या घरोघर जात, निरोध देत, आजारी बाईला दवाखान्यात आणत. दवाखाना वस्तीतच होता, त्यामुळे गुप्तरोगांवर वेळेवर उपचार होत, आणि व्रण बरे झाले की एचआयव्हीचा मार्गही अरुंद होई. पण हिरव्या कोटाचं खरं काम याहून मोठं होतं. काल ज्या बाईला पोलिस हटकत होता, तीच आज एका सरकारी संस्थेची कार्यकर्ती म्हणून त्याच्याशी बोलत होती. पीअर घरवाल्यांशी बोलल्या, दलालांशी बोलल्या, गल्लीतल्या दादांशी बोलल्या. निरोध सक्तीचा असेल तर तो सगळ्याच खोल्यांत असू दे, म्हणजे कुणाचंच गिऱ्हाईक तुटणार नाही, हा साधा व्यवहार त्यांनी मांडला. पुढच्या खोलीतही तोच नियम असेल तर गिऱ्हाइकाला जायला जागा उरत नाही, आणि त्या ६६ ते ७९ टक्क्यांच्या दंडाचा आधारच निसटतो. एकटीने दिलेला नकार महाग पडतो, पण सगळ्यांनी मिळून दिला तर तो स्वस्त होतो. गिरणगावातल्या कामगाराला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

राहता राहिलं कर्ज. ज्या बाईला उद्याचा हप्ता भरायचा आहे तिला एकजुटीचा नियमही पाळता येत नाही. म्हणून १९९५ साली या बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, तिचं नाव 'उषा'. नोंदणीच्या वेळी अडचण आली ती कायद्यातल्या शब्दाची: सभासद चांगल्या नैतिक चारित्र्याचा असावा अशी अट होती. गृहिणी म्हणून नोंद करा, असा तोडगा सुचवला गेला. बायकांनी तो नाकारला. आपण जे आहोत त्याच नावाने नोंदणी हवी, यावर त्या ठाम राहिल्या आणि अखेर सरकारने वाट काढली. आरोग्याच्या कामात हा हट्ट कशासाठी, असं कुणालाही वाटेल. उत्तर असं की खोट्या नावावरचं खातं धमकीपुढे टिकत नाही. ज्याला ते नाव ठाऊक आहे तो ते कधीही वापरू शकतो. सहकारी पतसंस्थेने गावोगावच्या शेतकऱ्याला सावकाराच्या ओसरीवरून उठवलं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. सोनागाछीत त्याच साधनाने बायकांना नकार देण्याइतकी सवड मिळवून दिली. 'उषा'ची पासबुकं वस्तीत आली तेव्हा निरोधाच्या वापरामागे त्यांचंही बळ उभं राहिलं. त्याच वर्षी 'दुर्बार महिला समन्वय समिती' ही बायकांची संघटना उभी राहिली, आणि १९९९ साली अख्खा आरोग्य प्रकल्पच तिच्या हाती सोपवला गेला. संशोधकाने उभा केलेला प्रकल्प ज्यांच्यासाठी होता त्यांच्याच मालकीचा झाला, असं फार कमी वेळा घडतं.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसला. १९९२ साली तीन टक्क्यांवर असलेला निरोधाचा वापर दशक संपता संपता नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचला. एचआयव्ही वाढला, पण १९९८ साली तो पाच-साडेपाच टक्क्यांवर होता आणि नंतरही दहा-अकरा टक्क्यांच्या आसपासच राहिला, तर मुंबईत तो पन्नासच्या वर होता. इथे शास्त्राची पहिली आणि रास्त हरकत येते. दोन शहरांची तुलना म्हणजे पुरावा नव्हे. कलकत्त्यात साथ उशिरा आली असेल, गिऱ्हाइकं वेगळी असतील, बायकांचं येणं-जाणं वेगळं असेल. निरोधाच्या वापराचे आकडेही बायकांनी स्वतः सांगितलेले असतात आणि विचारणाऱ्याला काय ऐकायचं आहे हे त्यांना कळत असतं. ही हरकत मोडीत काढता येत नाही, आणि काढूही नये. तिला उत्तर देण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे, तो म्हणजे तोच प्रयोग दुसरीकडे, तुलनेसाठी गट ठेवून करणं. जाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उत्तर बंगालमधल्या दोन गावांत केला आणि २००४ साली निष्कर्ष छापले. दोन्हीकडे दवाखाना आणि निरोध होते. एका गावी त्यांच्या जोडीला सोनागाछीची संपूर्ण पद्धत होती. त्या गावी निरोधाचा वापर ३९ टक्क्यांनी वाढला, दुसरीकडे ११ टक्क्यांनी. नेहमी निरोध वापरणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गावी २५ टक्क्यांनी वाढलं, तर दुसरीकडे ते १६ टक्क्यांनी घटलं. दोनच गावं, शंभर-शंभर बायका. पुरावा लहान आहे. पण दिशा स्पष्ट आहे. पुढे अनेक देशांतले असे प्रयत्न एकत्र तपासून २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आढावा छापून आला, त्यानेही हीच दिशा दाखवली: जिथे बायकांच्या संघटनेला केंद्रस्थानी ठेवलं तिथे निरोधाचा वापर वाढलेला आणि लागण कमी झालेली दिसते.

दुसरी हरकत नैतिक आहे आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. या धंद्यात लहान मुली विकल्या जातात, फसवून आणल्या जातात. त्याला काम म्हणणं, त्यात सुरक्षितता आणणं, म्हणजे गुलामगिरीला आरोग्याचा दाखला देणं नव्हे का? उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. पहिला भाग वस्तुस्थितीचा आहे. १९५६ पासून अनैतिक व्यापाराविरुद्ध कायदा आहे, छापे पडत आले आहेत. १९९६ साली मुंबईत एका मोठ्या छाप्यात चारशेहून अधिक मुली-बायका उचलल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ नेपाळच्या होत्या. छाप्याने वस्ती संपत नाही. उरलेल्या बायका आणखी आडोशाला जातात, पोलिसाला आणि दलालाला जास्त देणं लागू लागतात, आणि नकार आणखी महाग होतो. दुसरा भाग उपायाचा आहे. सोनागाछीत १९९७ पासून बायकांनी स्वनियंत्रण मंडळं चालवली. नवी आलेली मुलगी सज्ञान आहे का, स्वेच्छेने आली आहे का, हे ती मंडळं विचारू लागली. वस्तीत कोण नवीन आलं हे पोलिसांच्या आधी शेजारणीला कळतं, एवढं साधं सत्य त्यामागे होतं. मंडळांच्या नजरेतून काही सुटत नसेल असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण जबरदस्तीने आणलेल्या मुलीसाठी कोण अधिक उपयोगी, बोलू शकणारी संघटित शेजारीण की घाबरून दार लावून बसलेली, हा प्रश्न हरकत घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. जबरदस्ती हा गुन्हा आहे, आणि तो उघड करायला ज्यांचं ऐकलं जातं अशी माणसं वस्तीत लागतात. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देहविक्री करणाऱ्या सज्ञान स्त्रियांनाही घटनेच्या २१ व्या अनुच्छेदानुसार सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि त्यांना पोलिसांनी छळू नये, असं स्पष्ट केलं. त्या निर्णयाआधी या बायकांनी तीन दशकं हे म्हणणं रस्त्यावर आणि कचेऱ्यांत मांडलं होतं.

तिसरी हरकत व्यवहारी माणसाची. एवढा पसारा कशाला, सरकारने हुकूम काढावा, निरोध नाही तर दुकान बंद. थायलंडने हे करून दाखवलं. तिथे १९८९ साली एका प्रांतात शंभर टक्के निरोधाचा नियम सुरू झाला, दोन-तीन वर्षांत तो देशभर गेला आणि धंद्यातला निरोधाचा वापर १४ टक्क्यांवरून नव्वदच्या वर गेला. हे यश खरं आहे आणि ते आपल्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. थायलंडनेही एकेका बाईच्या माथी नकार मारला नाही. सगळ्या मालकांना एकाच वेळी नियम लावून पुढच्या खोलीची वाट बंद केली. फरक एवढाच की तिथे नियमाची ताकद सरकारकडून आली, सोनागाछीत बायकांकडून. जिथे धंदा नोंदलेल्या घरांमधून चालतो आणि यंत्रणा तिथपर्यंत पोहोचते तिथे हुकूम चालू शकतो. आपल्याकडे धंदा गल्लीत, बसस्टँडवर, हमरस्त्यावरच्या ढाब्यामागे आणि आता मोबाइलवर विखुरलेला आहे, आणि हुकमाची अंमलबजावणी करणारा शिपाई अनेकदा हप्ता घेणाराच असतो. अशा ठिकाणी हुकमाचा दंड अखेर पुन्हा बाईच्याच माथी बसतो.

चौथी हरकत सर्वांत ताजी. आता औषधं आली आहेत. नियमित उपचार घेणाऱ्या बाधित माणसाच्या रक्तातला विषाणू इतका दबतो की त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. लागण होऊ नये म्हणून निरोगी माणसाने आधीच घ्यायच्या गोळ्या आहेत. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या चाचणीत लेनाकापाविर हे वर्षातून दोनदा टोचायचं औषध घेतलेल्या दोन हजारांहून अधिक तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. विज्ञानाचं हे यश डोळे दिपवणारं आहे आणि ते भारतातल्या गरजू बाईपर्यंत पोहोचायलाच हवं. पण ते पोहोचेल कसं, याचा धडाही आफ्रिकेतच मिळाला आहे. 'व्हॉइस' नावाच्या मोठ्या चाचणीत आफ्रिकेतल्या हजारो स्त्रियांना रोजच्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या होत्या. फायदा दिसला नाही. रक्त तपासलं तेव्हा कारण कळलं: बहुतेकींच्या रक्तात औषध सापडलंच नाही. गोळी घरात सापडली तर जोडीदार काय म्हणेल, शेजारी काय समजतील, या धाकामुळेही गोळ्या राहून जातात असं पुढच्या चौकशीत दिसलं. सहा महिन्यांच्या इंजेक्शनाने हा पेच पुष्कळ सुटेल, कारण ते लपवता येतं. तरीही त्यासाठी दवाखान्यात यावं लागतं, नाव सांगावं लागतं, तिथे अपमान होणार नाही एवढा भरवसा लागतो. हा भरवसा कारखान्यात तयार होत नाही, तो हिरवा कोट घातलेली बाईच देऊ शकते.

महाराष्ट्रात या विचाराला स्वतंत्र साक्ष आहे. १९९२ सालीच सांगलीत मीना सरस्वती सेषू यांनी 'संग्राम' संस्थेचं काम सुरू केलं, आणि १९९६ साली तिथल्या बायकांनी आपली संघटना बांधली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. ज्या शब्दाने हिणवलं जात होतं तोच शब्द त्यांनी पाटीवर लावला. कलकत्ता आणि सांगली ही दोन गावं एकमेकांपासून किती लांब, पण दोन्हीकडे एड्सच्या कामातून शेवटी उभ्या राहिल्या त्या संघटना. योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही. रोगाचं मूळ खणत गेलं की दोन्हीकडे खाली तीच गोष्ट लागली.

आणि ही गोष्ट वेश्यावस्तीपुरती नाही, हे पुण्याने दाखवलं. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. देहविक्री करणाऱ्यांपैकी निम्म्या बाधित होत्या. पण ज्या देहविक्री करत नव्हत्या त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेक विवाहित, आणि नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध नसलेल्या. त्यांनी कोणता नियम मोडला होता? एकनिष्ठ राहा हा त्या काळातल्या प्रत्येक फलकावरचा संदेश त्यांनी तंतोतंत पाळला होता. त्यांना निरोधाची माहिती असती तरी तो नवऱ्यासमोर ठेवणं म्हणजे एक तर त्याच्यावर संशय घेणं, नाही तर स्वतःवर ओढवून घेणं. सोनागाछीतही नेमकी हीच जागा कच्ची राहिली: गिऱ्हाइकासमोर ठाम उभी राहणारी बाई तिच्या 'बाबू'पुढे, म्हणजे कायमच्या जोडीदारापुढे, निरोधाचा आग्रह तितक्या सहजतेने धरू शकत नव्हती. जिथे माया, निवारा आणि सत्ता एकाच माणसाच्या हाती असतात तिथे नकार सर्वांत महाग असतो. वस्तीतल्या बाईपाशी निदान संघटना होती, पासबुक होतं, पाठीशी हिरवा कोट होता. पुण्याच्या दवाखान्यातल्या त्या गृहिणीच्या पाठीशी कोण होतं?

डॉ. जाना २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. देशात आज सुमारे पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत, नव्या लागणी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाल्या आहेत, आणि त्यात पीअर बायकांच्या कामाचा वाटा मोठा आहे. तरीही आरोग्य कार्यक्रमांच्या अहवालात अजून किती निरोध वाटले, किती तपासण्या झाल्या, किती सभा घेतल्या हेच रकाने आधी येतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: गेल्या महिन्यात किती जणींनी नकार दिला, आणि त्याबद्दल कितीजणींना मार, उपासमार किंवा बेघर होणं सोसावं लागलं. हा रकाना भरणं कठीण आहे. त्यासाठी बायकांच्या दारात बसून ऐकावं लागेल, आणि ते फक्त सोनागाछीत करून भागणार नाही, सदाशिव पेठेतही करावं लागेल.